एका ताटातलं काळीज

रविवारी सुट्टी असते असं ज्यानं ठरवलं, त्यानं कुठल्या बाईला विचारलं नसणार. मी जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात सीझनला कामाला असते. सहा दिवस पट्ट्यावरून बी सरकत राहतं आणि दोन्ही बाजूंनी बसलेल्या आम्ही बाया त्यातलं फुटकं, काळं, पोकळ बी वेचून काढतो. संध्याकाळी डोळे मिटले तरी आत बी सरकतच असतं. शनिवारी सुटलं की काळीपिवळीत अंग चोरून बसायचं आणि भोकरदनच्या बाजूला माहेरच्या गावी यायचं. रविवारी आबांचं धुणं, भाकरी, झाडलोट, त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकणं. सोमवारी पहाटे पुन्हा पट्टा. आई गेल्यापासून हे असंच चाललंय. भाऊ पुण्याला असतो. तो फोन करतो.

आबा म्हणजे माझे वडील. गावात त्यांची ओळख एकाच कामानं होती. रानडुक्कर मारलं की ते फाडायला, साफ करायला आणि त्याचे वाटे घालायला आबाच लागायचे. आमच्या भागात डुकरं फार. मका कणसात आला की एका रात्रीत अर्धा एकर लोळवतात. मग गावातले दहा-बारा जण कुत्री, जाळं आणि भाले घेऊन निघतात. हे कायद्यात बसत नाही, ते आधीच सांगून टाकते. परवानगीचा कागद निघतो म्हणतात, पण त्या कागदावर मारलेलं डुक्कर पुरायचं असतं, खायचं नसतं. आमच्या गावानं कागदही काढला नाही आणि डुक्करही पुरलं नाही. मी काही गावाची वकील नाही, जे व्हायचं ते सांगते. गल्लीतल्या डुकराचं नाव काढलं तरी थुंकतील अशी घरं रानातल्या डुकराचा वाटा मात्र पिशवी घेऊन न्यायला येतात.

मारणं घटकाभराचं काम. शिकारीच्या गप्पा वर्षभर चालतात त्या याच घटकाभराच्या. पुढचे चार तास कोणी सांगत नाही, कारण त्यात धावपळ नसते, नुसती कंबर मोडते. डुक्कर पडल्या जागीच गळ्याशी सुरी घालून रगत काढावं लागतं, नाहीतर मांस काळं पडतं. नर असला तर त्याचं ते आधी कापून लांब फेकायचं, त्याचा वास एकदा मांसात शिरला की दोन पाण्यांनीही जात नाही. मग नाल्याच्या कडेला सपाट दगडावर आणून कापसाची वाळली पऱ्हाटी पेटवायची आणि केस भाजायचे. एक बाजू झाली की दुसरी. पोतं भिजवून अंगावर टाकायचं, वरून उकळतं पाणी ओतायचं आणि विळ्यानं खरवडायचं, कातडं पिवळं दिसेपर्यंत. केसांचा जळका वास लुगड्यात, केसात, नाकात आठवडाभर राहतो. मी पट्ट्यावर बसले की शेजारची विचारायची, काय जाळलं गं काल.

आणि त्यानंतर आबांचं खरं काम. लिंबाच्या डहाळ्या अंथरून डुक्कर उताणं टाकायचं. मागची वाट सुतळीनं बांधायची, गळ्याची नळी बांधायची. मग छातीच्या हाडाखाली एक बारीक चीर. तिच्यात डाव्या हाताची दोन बोटं घालायची आणि त्या दोन बोटांच्या मधून सुरी धार वर करून ओढत न्यायची, म्हणजे कातडं फाटतं पण आतड्याला धक्का लागत नाही. आतडं फाटलं तर घाण, मुताची पिशवी फुटली तर वास, आणि पित्ताची पिशवी फुटली तर कडू. ती काळजालाच, म्हणजे कलेजीलाच, चिकटलेली असते, हिरवी, अंगठ्याएवढी. ती सोडवताना आबा श्वास धरायचे. आबांच्या हातून ती कधी फुटली नव्हती.

आता हे सांगायला पाहिजे की आबा हे काम घरातून शिकले नव्हते. आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हाच मेलेली ढोरं ओढणं, फाडणं सोडलं. आजोबांनी ते काम पुन्हा केलं नाही आणि आबांनी तर पाहिलंही नाही. आबा शिकले ते रानात, तरणेपणी शिकारीची हौस होती म्हणून. पण गावाच्या डोक्यातून जुनं इतक्या लवकर जात नाही. त्यांना पहिल्यांदा बोलावलं तेव्हा काम झाल्यावर गावकऱ्यांनी डुकराचं मुंडकं, चारी खूर आणि कोथळा बाजूला काढून ठेवला आणि म्हणाले, हा तुमचा हक्क. आई सांगायची, आबांनी सुरी धुतली, पुसली, कनवटीला लावली आणि मग बोलले.

"हक्काचं मला काही नको. समद्यांचा जेवढा वाटा तेवढाच माझा. आन् काळीज वाटायचं न्हाई. ते हितंच भाजायचं, मी कापायचं, आन् एका ताटातून समद्यांनी खायचं. जमत असंल तर पुढच्या टायमाला बोलवा."

 पुढचं डुक्कर गावानं दुसऱ्याकडून फाडून घेतलं आणि त्यानं पिशवी फोडून अख्खं मांस नासवलं. त्याच्या पुढच्या डुकराला आबांना बोलावणं आलं. तेव्हापासून पंचवीस वर्षं, वर्षातून दोनदा-तीनदा, बारा घरांचे बारा गडी आबांच्या हातचं काळीज खात आले. आधी आबा स्वतः एक तुकडा खायचे, मांस चांगलं आहे हे दाखवायला, आणि मग ताट फिरायचं. एरवी त्या घरांत आबा गेले तर चहा मिळायचा, नाही असं नाही. ओट्यावर मिळायचा.

माझ्या भावाला हे बिलकुल पटायचं नाही. तो म्हणायचा, लोकांनी सोडलं ते तुम्ही हौसेनं करता आणि वर मान समजता. दोघांची यावरून इतकी वाजली की भाऊ एका दिवाळीला आलाच नाही. मला दोघांचंही पटायचं, आणि दोघांचंही ऐकून कंटाळा यायचा. पण एक होतं. आबांकडं दीड एकर खडकाळ जमीन, कधी कुठल्या पंचायतीत नाव नाही, दारात गाडी नाही. त्यांचं जे काय होतं ते त्या ताटात होतं. शिकार झाल्याचं कळलं की ते दाढी करून बसायचे.

आणि मग डोळे गेले. एकदम नाही. आधी उंबऱ्याला ठेचा लागायला लागल्या, मग ताटातली चटणी दिसेना. जालन्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर येत नाही, उरलेली थेंबांनी जपा. उरलं होतं ते समोरचं बांगडीएवढं गोल, तेही धुरकट. गावाला आबांनी सांगितलं की चष्म्याचा नंबर वाढलाय. पायाखालच्या वाटा पाठ होत्या, आवाजावरून माणूस ओळखायचे, त्यामुळे खपून गेलं. मला वाटलं, चला, आता डुकराचं काम तरी सुटलं. छे. त्यांनी मलाच बाजूला बसवलं.

आमच्याकडं त्या कामाला बाई बसत नाही. आबांनी लोकांना सांगितलं की गुडघे धरतात, पोरगी हाताखाली असू द्या. मी डुकराचे पाय धरून बसायची आणि ते बोटांनी चाचपून कापायचे. अवघड जागा आली की हळूच विचारायचे, "मोकळं?" म्हणजे सुरीच्या वाटेत आतडं, पिशवी काही येत नाही ना. मी बघून सांगायची, हां, किंवा थांबा. एवढंच. ताट फिरवायचं कामही माझ्याकडं आलं, कारण दगडगोट्यांत ते पडले असते. आबा म्हणायचे, पोरीचा हात म्हणजे माझाच हात. अशी तीन वर्षं काढली. सहा दिवस कारखान्याला डोळे द्यायचे आणि सातव्या दिवशी आबांना. मला कधी कधी वाटायचं, माझ्या स्वतःच्या वाटणीला काय, तर नुसत्या पापण्या.

त्या वर्षी थंडीत माल पाठवायची घाई होती. आठवडाभर बारा-बारा तास बसलो. सुपरवायझर अर्ध्या तासानं मागून जायचा आणि विचारायचा, "बराबर?" आम्ही सगळ्या बाया मान वर न करता म्हणायचो, "हां." न बघता. बघितलं असतं तर हात थांबला असता आणि हात थांबला की तो ओरडायचा. शनिवारी रात्री मी गावी आले तेव्हा काळीपिवळीत बसल्या जागी झोप लागली होती आणि फाट्यावर कोणीतरी हलवून उतरवलं. रविवारी सकाळी चहा ठेवला आणि तेवढ्यात बोलावणं आलं. ज्याच्या मक्यात डुक्कर सापडलं तो शेतकरी स्वतः आला होता, माझ्याच वयाचा, शाळेत माझ्याबरोबर होता. म्हणाला, लई मोठा नर हाये, मामाला जल्दी आणा. आबांना गाव मामाच म्हणायचं. आबा तोवर गल्लासात पाणी घेऊन दाढी करायला बसले होते. मी म्हटलं, आबा, आज नको, माझ्यात जीव नाही. ते म्हणाले, तू नुसती बसायला चल.

नुसती बसायला. पुरुषमाणसाला बाईचं बसणं म्हणजे आरामच वाटतो.

खरंच मोठा नर होता. चौघांनी बल्लीला बांधून आणला होता आणि चौघंही घामेजले होते. पऱ्हाटी पेटवली, केस भाजले, पाण्याच्या कळश्या मीच आणल्या, खरवडायलाही बसले. दहा वाजून गेले असतील. ऊन वर आलं, पाठ शेकायला लागली आणि मला वाटलं आता मी इथंच आडवी होणार. लोक पलीकडं बाभळीखाली बसले होते, कोणाच्या मोबाइलवर गाणी चालली होती. आबांनी चीर दिली, पोट उघडलं, आतडी बाहेर काढली, सगळं नेहमीसारखं. दोन-तीनदा विचारलं, मी बघून सांगितलं. मग त्यांनी काळीज हातात घेतलं, अंगठ्यानं पिशवीची मुळी चाचपली, सुरी टेकवली आणि विचारलं.

"मोकळं?"

"हां," मी म्हटलं.

मी बघितलं नव्हतं. डोळे उघडे होते, समोर काळीज होतं, पण मला दिसत होता पट्टा. मागून कोणीतरी विचारलं आणि मी हां म्हटलं, इतकंच झालं. मी भानावर आले तेव्हा हिरवं-पिवळं पाणी काळजावरून आबांच्या मनगटावर उतरत होतं.

त्यांना ते दिसलं नाही, वास आला. हात जागच्या जागी थांबले. मी कळशी उचलून ओतली, पुन्हा ओतली. पित्त धुऊन जात नाही, मांसात शिरतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आबांनी कान माझ्याकडं केला आणि विचारलं, कितीक गेलं? मी म्हटलं, निम्म्यावर. मला वाटलं आता शिवी येणार. आली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "झोप झाली न्हाई का माय तुझी?"

 मी घाईघाईनं म्हटलं, आबा, फेकून देऊ, सांगू कुत्र्यानं पळवलं. एवढी कुत्री फिरतायत, कोण विचारतंय. आबांनी मान हलवली. म्हणाले, पंचवीस वर्सात कुत्र्यानं न्हाई पळवलं ते आजच कसं पळवलं? भाजायचं. मी म्हटलं, कडूजहर लागंल. ते म्हणाले, लागू दे. मला इतका राग आला. त्यांचा, माझा, त्या सुपरवायझरचा, पुण्याला बसून फोन करणाऱ्या भावाचा. पण निखारे ओढले, काय करणार. आबांनी हिरवं झालेलं तेवढं चाचपून आणि मला विचारून विचारून कापून काढलं. या वेळी मी डोळे फाडून बघत होते. उरलेलं भाजलं, वर मीठ आणि तिखट टाकलं आणि आबांनी बोटांनी मापून त्याचे तेरा तुकडे केले. एक त्यांचा, बारा ताटात.

पहिला तुकडा त्यांनी नेहमीसारखा सगळ्यांसमोर उभं राहून खाल्ला. चावत राहिले. चेहऱ्यावर काही नाही. गिळला आणि मग बाभळीकडं तोंड करून, गाण्याच्या वर आवाज काढून बोलले.

"आज काळीज कडू हाये. पित्त फुटलं, माझ्या हातून फुटलं. ताट येऊन राह्यलं, ज्याला घ्यायचं त्यानं घ्या."

माझ्या हातून म्हणाले. मी तिथंच होते, ताट हातात घेऊन. मी तोंड उघडून सांगायला पाहिजे होतं की चूक माझी आहे, मी न बघता हां म्हटलं. पण ते सांगितलं असतं तर आबांना हां-नाही विचारावं लागतं हेही सांगावं लागलं असतं. मी तशीच ताट घेऊन निघाले. आबा पाठ करून खाली बसले आणि कुऱ्हाडीनं मांडीचं हाड तोडायला लागले. मुद्दाम जोरात तोडत होते, आपण तिकडं कान लावलेला नाही असं दाखवायला.

पहिला मक्याचा मालक बसला होता. तो म्हणाला, राहू दे ताई, घरी वाटा नेणारच हाये ना. हळू बोलला, आबांना ऐकू जाणार नाही असं. दुसऱ्यानं पोटावर हात फिरवला आणि ॲसिडिटीची गोळी खाल्ल्याचं सांगितलं. तिसरा म्हणाला, माझा उपास हाये. रविवार होता. उपास होता तर हा बाबा सकाळपासून डुकरामागं कशाला पळत होता, आणि त्याच्या बुडाखालची पिशवी कशासाठी होती, हे मी विचारलं नाही. चौथा मोबाइलमध्येच बघत राहिला. एकानं हसून सांगितलं, माझा कुत्र्याला टाक. त्याच्या मनात वाईट नव्हतं, तो तसाच बोलतो. बाकीच्यांनीही काहीतरी सांगून हात मागंच ठेवले.

आता कडू काळीज कोण खाणार, हे मलाही कळतं. मला दुसऱ्या कोणी दिलं असतं तर मीही नको म्हटलं असतं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलंय. पण मी माणसांचे चेहरे बघत होते. दोन वर्षांमागं काळीज करपून कोळसा झालं होतं, तेव्हा यांनीच ते कसंबसं चावून गिळलं होतं, कारण नाही म्हणायला सोय नव्हती. आज सोय झाली होती. एकेकाचा चेहरा सैल पडत होता, पाय अवघडून बसलेल्या माणसाला कोणी उठायला सांगावं तसा. कडू म्हणून नको म्हणणारा माणूस तोंड वाकडं करतो. हे तर मोकळे झाल्यासारखे दिसत होते. ते मला दिसलं आणि मनात आलं की बरं झालं आबांना दिसत नाही. असं मनात आलं म्हणून मला स्वतःची लाजही वाटली.

शेवटी एक म्हातारे बसले होते, त्या सगळ्यांत वयानं मोठे. दात पडलेले, शिकारीला आता नुसते हाका घालायला यायचे. त्यांनी हात पुढं केला, तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि हिरड्यांनी चघळत बसले. खूप वेळ चघळला. मी ताट घेऊन तशीच उभी. गिळल्यावर म्हणाले, मीठ बराबर हाये. आणि धोतराला बोटं पुसली.

ताटात अकरा राहिले. मी ते घेऊन परत कशी जाऊ? आबा ताट हातात घेणार, बोटं फिरवणार, हे मला ठाऊक होतं, दर वेळी तसंच करायचे. टाकून द्यावे तर कुत्री भांडली असती आणि सगळ्यांना कळलं असतं. बांधाला ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या मागं जाऊन मी उकिडवी बसले आणि खायला लागले. एक खाल्ला तेव्हा वाटलं, जमेल. तिसऱ्याला घशातून वर आलं, ते गिळलं. कारल्याचा कडूपणा जिभेवर असतो, हा नाकात चढतो, डोळ्यात येतो. पाणी प्यायला तांब्या नव्हता. मी रडत नव्हते, पण डोळ्यांतून पाणी येत होतं आणि नाकही वाहत होतं. आठवा, नववा कोणता ते कळेना झालं. ताट पुसून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि गेले. वाटलं, निदान एवढं तरी माझ्या चुकीचं मी फेडलं.

आबांनी कुऱ्हाड ठेवली, ताट घेतलं, बोटं फिरवली. झालं? मी म्हटलं, झालं. त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि वाटे घालायला बसले. तेरा ढीग, प्रत्येकात थोडं मऊ मांस, थोडं हाड, थोडी चरबी, थोडं कातडं. ढिगांचा अंदाज आबांचा हातच घ्यायचा, त्याला डोळे लागत नव्हते. मग म्हाताऱ्यांना ढिगांकडं पाठ करून उभं केलं. मी एकेका ढिगावर बोट ठेवून विचारायची, हा कोणाचा, आणि ते न बघता घराचं नाव सांगायचे. कोणाला कमी-जास्त झालं तर तक्रार करायला जागा नाही. उपासवाल्याला चरबीचा चांगला वाटा गेला. पिशव्या भरल्या, लोक 'मामा, येतो' म्हणत गेले, मक्याच्या मालकानं आबांच्या पाठीवर हात ठेवला. सगळं नेहमीसारखं. मी दगडावरचं रगत धुतलं, राख पांगवली, सुऱ्या धुतल्या आणि आमचा वाटा गोणीत बांधला.

घराची वाट नाल्याच्या कडेनं आहे. भर दुपार, वाटेवर कोणी नव्हतं. आबांचा हात माझ्या खांद्यावर होता, गोणी माझ्या दुसऱ्या हातात. मला फक्त आडवं व्हायचं होतं. अर्ध्या वाटेवर त्यांनी विचारलं, ताटात किती तुकडे होते. मी म्हटलं, बारा, तुम्हीच तर कापले.

"त्यातले तू किती खाल्ले?"

मी चालत राहिले. सगळ्यांनी घेतले म्हणून सांगायचं, असं मी ट्रॅक्टरमागंच ठरवलं होतं. तोंड उघडलं तर माझ्याच श्वासाला पित्ताचा वास येत होता. एवढ्या जवळून तो त्यांना आला नसेल असं कसं म्हणू. आणि खरं सांगते, त्या दिवशी अजून एकदा न बघितल्यासारखं हां म्हणायची माझ्यात ताकद राहिली नव्हती.

"अकरा," मी म्हटलं.

त्यांचा हात खांद्यावर तसाच होता, जड नाही, हलका नाही. दहा-वीस पावलं गेली असतील. मला वाटलं ते विचारतील, कोणी कोणी नाही घेतला, आणि मी नावं कशी सांगू याचा विचार करत होते. त्यांनी ते विचारलं नाही.

"म्हंजे एकच होता," आबा म्हणाले. "आन् मी पंचवीस वर्सं बारा मोजत होतो."

घरी पोचल्यावर आबा खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले. मला झोपायचं होतं, पण मांस तसंच ठेवता येत नाही. मी गोणी सोडली आणि चूल पेटवली.